कोऱ्या बाटलीतलं बिस्फेनॉल

सकाळी साडेसहाला संगम पुलावर दोरीला स्टीलची बादली बांधून उभं राहिलं की पाच मिनिटांत कोणीतरी थांबतंच. पहिल्या दिवशी फिरायला निघालेल्या एका आजोबांनी विचारलं, "काही पडलं का गं?" दुसऱ्याने गाडी बाजूला घेतली आणि आवाज खाली आणून विचारलं, "अस्थी का?" तिसऱ्याला मी खरं काय ते सांगितलं: पाण्यात हार्मोन किती आहेत ते बघतोय. त्याने आधी नदीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नदीला हार्मोन?" म्हणाला आणि किक मारून निघून गेला. त्या दिवसापासून मी फक्त "पाण्याची तपासणी" एवढंच सांगते.

मी मूळची भिगवणजवळची. पुण्याची मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेला मिळते आणि ते सगळं पाणी उजनीच्या फुगवट्यात, म्हणजे आमच्या दाराशी येऊन थांबतं. एम.एस्सी. झाल्यावर या प्रकल्पात जागा निघाली तेव्हा मी लगेच अर्ज केला. पुणेकर काय सोडतात ते आपणच मोजू, अशी थोडी खुन्नसही त्यात होती, खोटं कशाला बोलू.

मोजायचं होतं ते असं. इस्ट्रोन, इस्ट्राडायॉल आणि इस्ट्रिऑल ही तीन नैसर्गिक संप्रेरकं, इस्ट्रोजेन या गटातली. ती बायकांच्या, पुरुषांच्या आणि गोठ्यातल्या म्हशींच्याही लघवीतून येतात. चौथं इथिनाइल इस्ट्राडायॉल, गर्भनिरोधक गोळीतलं, कारखान्यात बनवलेलं. आणि मग तोतये: प्लास्टिकमधलं बिस्फेनॉल-ए, काही साबणद्रव्यं कुजून होणारं नोनिलफेनॉल, जंतुनाशक ट्रायक्लोसान. यांना तोतये म्हणायची सवय आमच्या सरांची. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या नावाने एक जण पुढे आला आणि भल्याभल्यांना तो भाऊच वाटला, तसंच हे. शरीरातली इस्ट्रोजेन ओळखणारी प्रथिनं या रेणूंना फसतात आणि दार उघडतात. माशांच्या बाबतीत हे फसणं डोळ्यांना दिसतं. इंग्लंडमध्ये १९९० च्या दशकात मैलापाणी केंद्रांच्या खालच्या अंगाला रोच जातीचे नर मासे सापडले, त्यांच्या वृषणात अंडी तयार होत होती. कॅनडात ऑंटारियोमधल्या एका तळ्यात संशोधकांनी २००१ ते २००३ अशी तीन वर्षं लिटरला ५-६ नॅनोग्रॅम राहील इतकंच इथिनाइल इस्ट्राडायॉल मुद्दाम सोडलं. तिथली फॅटहेड मिनो या छोट्या माशांची संख्या जवळजवळ संपली.

नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. घरी समजावताना मी टँकरचा हिशोब सांगते. माला-डीच्या एका गोळीत ०.०३ मिलिग्रॅम इथिनाइल इस्ट्राडायॉल असतं. ती एक गोळी दहा हजार लिटरच्या तीन टँकरमध्ये विरघळवली तर लिटरला एक नॅनोग्रॅम. युरोपियन महासंघाने २०१५ साली पाण्यातल्या लक्ष ठेवायच्या पदार्थांची यादी काढली, तिच्यात या रेणूसाठी ०.०३५ नॅनोग्रॅमपर्यंत दिसेल अशी पद्धत हवी असं म्हटलं. म्हणजे तीच एक गोळी आणि पंच्याऐंशी टँकर.

जाता जाता एक सांगते, कारण हा विषय निघाला की लोक लगेच गोळीवर, म्हणजे बायकांवर घसरतात. आपल्याकडे गोळी घेणाऱ्यांपेक्षा शस्त्रक्रिया करून घेतलेल्या बायका कितीतरी जास्त आहेत. आणि गोळी एकही विकली गेली नाही तरी शहराच्या मैलापाण्यात इस्ट्रोन असणारच, कारण शहरात माणसं आहेत.

सात जागा ठरल्या. खडकवासल्याच्या वर एक, शहर लागायच्या आधीची. मग विठ्ठलवाडी, म्हात्रे पूल, संगम, बंडगार्डन, मुंढवा आणि शेवटी थेऊर. शिवाय एका मैलापाणी शुद्धीकरण केंद्राचं इनलेट आणि आउटलेट. बादली रविवार पेठेतून घेतलेली स्टीलची, बाटल्या तपकिरी काचेच्या, मेथॅनॉलने विसळून भट्टीत तापवलेल्या, झाकणाखाली अ‍ॅल्युमिनियम फॉइल. सॅम्पलिंगच्या दिवशी अंगाला क्रीम नाही, डिओ नाही, सॅनिटायझर नाही. पेट्रोल पंपावरची पावतीसुद्धा हातात घ्यायची नाही, कारण तसल्या गुळगुळीत कागदावर बिस्फेनॉलचा लेप असू शकतो. पावती ड्रायव्हरकाका घ्यायचे. ते मला म्हणायचे, "मॅडम, तुमचं सोवळं आमच्या आईपेक्षा कडक आहे."

बाटल्या बर्फात घालून दुपारपर्यंत प्रयोगशाळेत, आणि मग रात्रपाळी. एक लिटर पाणी आधी काचतंतूच्या फिल्टरमधून गाळायचं. खडकवासल्याचं पाणी एका फिल्टरमध्ये सरळ उतरतं. मुंढव्याच्या एका लिटरला मी सहा फिल्टर बदललेत, आणि वास केसांतून दोन दिवस जात नाही. मग त्यात खुणेचं स्टँडर्ड टाकायचं: इस्ट्राडायॉलच, पण त्यातले काही कार्बन जड. वारीत आपला एक माणूस वेगळा फेटा बांधून सोडावा तसं. तो शेवटपर्यंत किती पोचला यावरून बाकीचे वाटेत किती गळले ते कळतं. मग पाणी बोटभर उंचीच्या कार्ट्रिजमधून थेंबथेंब सोडायचं, अडकलेलं मेथॅनॉलने उतरवायचं, ते नायट्रोजनच्या झोताखाली आटवायचं. लिटरचं अर्धा मिलिलिटर होतं. ते इवल्याशा व्हायलमध्ये भरून एलसी-एमएस-एमएसला लावायचं. हे यंत्र रेणू वजनावरून निवडतं आणि फोडतं. इस्ट्राडायॉलचा आयन २७१ चा, त्याचे १४५ आणि १८३ चे तुकडे ठरलेल्या प्रमाणात निघाले तरच तो खरा.

पहिल्या फेरीचे निकाल आले तेव्हा मी रात्री अकराला सरांना फोन केला. बिस्फेनॉल-एचा पीक, म्हणजे यंत्राच्या आलेखावरचा उंचवटा, प्रत्येक नमुन्यात होता, ठसठशीत. मुंढव्यात होता, संगमावर होता, खडकवासल्याच्या वरच्या पाण्यातसुद्धा होता. माझ्या डोक्यात मथळा तयार झाला होता. सरांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "ब्लँकमध्ये किती आहे?"

ब्लँक म्हणजे कोरा नमुना. शुद्ध पाणी घ्यायचं आणि नदीचं पाणी ज्या ज्या पायरीवरून जातं त्या प्रत्येक पायरीवरून ते न्यायचं: तीच बाटली, तोच फिल्टर, तीच कार्ट्रिज, तेच हात. त्यात काही निघू नये. मी ते लावलं होतं, पण उघडून पाहिलं नव्हतं. उघडलं. कोऱ्या पाण्यात खडकवासल्याइतकंच बिस्फेनॉल होतं.

त्यानंतरचे सहा आठवडे मी नदीवर गेलेच नाही. दर आठवड्याला एकच गोष्ट बदलायची आणि ब्लँक लावायचा. हातमोजे बदलले. फिल्टरचा डबा बदलला, फिल्टर भट्टीत भाजून घेतले. कार्ट्रिजला जोडणारी प्लास्टिकची नळी काढून टाकली, तेव्हा पीक थोडा खाली आला आणि मी पेढे आणले. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा तितकाच. मेथॅनॉलची बाटली नवी फोडली, काही फरक नाही. मला स्वतःचा संशय येऊ लागला. डब्यातला भात मायक्रोवेव्हमध्ये गरम करणंही मी बंद केलं, त्याचा काही संबंध नव्हता तरी.

सापडलं ते असं. आमच्याकडचं शुद्ध पाण्याचं यंत्र बिघडलेलं होतं, म्हणून पाणी शेजारच्या प्रयोगशाळेतून यायचं. आणणारे मामा ते एका कॅनमधून आणायचे. कॅन कडक, पारदर्शक, लांबून काचेचाच वाटावा असा. मीही इतके दिवस तो काचेचाच समजत होते. एकदा मामांच्या हातून तो फरशीवर पडला आणि फुटला नाही. मी आधी मामांना "लागलं नाही ना?" विचारलं आणि मग कॅन उचलून त्याच्या बुडाकडे बघितलं. पॉलिकार्बोनेट. बिस्फेनॉलपासून बनतं ते हेच प्लास्टिक. दुसऱ्या दिवशी पाणी काचेच्या बाटलीतून आणलं आणि पीक बसला. पुरता गेला नाही, पण वजा करण्याजोगा राहिला.

सर म्हणाले, वाईट वाटून घेऊ नकोस, या चुकीला मोठी परंपरा आहे. १९९३ मध्ये स्टॅनफर्डमधल्या गटाला यीस्टमध्ये इस्ट्रोजेन सापडल्यासारखं वाटलं होतं, पण ते निघालं पॉलिकार्बोनेटच्या फ्लास्कमधून. त्याआधी १९९१ मध्ये बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात अ‍ॅना सोटो आणि कार्लोस सोननशाइन यांच्या पेशी इस्ट्रोजेन न घालताच वाढायला लागल्या होत्या, कारण प्लास्टिकच्या नळ्यांतून नोनिलफेनॉल झिरपत होतं. त्यांच्या हातून झालेल्या गडबडीतून शोध लागले. माझ्या गडबडीतून मामांच्या कॅनमध्ये आता फरशी पुसायचं पाणी भरतात.

मैलापाणी केंद्रावरच्या ऑपरेटर दादांनी मला जे शिकवलं ते कुठल्याच पद्धतीच्या पुस्तिकेत असं नीट लिहिलेलं नव्हतं. मी पहिल्यांदा गेले ते अकरा वाजता. इनलेटची बाटली भरली, चालत आउटलेटला गेले, तिथली भरली. दादा बघत होते. "मॅडम, हे दोन्ही एकाच पाण्याचे लिहिताय का तुम्ही?" मी हो म्हटलं. ते हसले. "इथून आत गेलेलं पाणी तिथं निघायला संध्याकाळ होते. तुम्ही जे तिथं भरलं ते पहाटेचं आहे. पहाटे लोक झोपलेले असतात, पाणी पातळ असतं." शहर कधी उठतं, कधी आंघोळ करतं, सुट्टीच्या दिवशी किती उशिरा करतं, हे सगळं त्यांना टाकीच्या पातळीवरून तोंडपाठ होतं. त्यानंतर आम्ही चोवीस तास दर तासाला ठरावीक माप काढून एकत्र करायला लागलो. रात्रीची मापं दादांच्या दोन साथीदारांनी काढली, काचेच्या बरणीत, फॉइल लावून. एकदाही चूक नाही.

आउटलेटला मला एक सुखद धक्का बसला: इस्ट्राडायॉल शून्य, इस्ट्रोन शून्य, सगळं स्वच्छ. आता मी शहाणी झाले होते, त्यामुळे फोन केला नाही. खुणेच्या स्टँडर्डकडे पाहिलं तर तेही जवळजवळ गायब. म्हणजे आमचा फेटेवाला माणूसच वाटेत मेला होता. कारण नाकाला कळायला हवं होतं: आउटलेटच्या पाण्यात क्लोरिन असतो. बाटली बर्फात असली तरी तो आतल्या रेणूंवर काम करतच राहतो, आणि उरलेला प्रयोगशाळेत टाकलेलं स्टँडर्डही खाऊन टाकतो. बाटलीत आधीच चिमूटभर अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे साधं सी जीवनसत्त्व, घालून ठेवलं की क्लोरिन मरतो. पुढच्या वेळी घातलं. इस्ट्रोन दिसलं.

इतकंच नव्हे, ते इनलेटपेक्षा जास्त दिसलं. लेबलं उलटीपालटी झाली असं वाटून मी पुन्हा सगळं केलं. पुन्हा तेच. यात चूक नव्हती. शरीरातून संप्रेरक बाहेर पडतं ते बहुतेक ग्लुकुरोनाइड किंवा सल्फेटची शेपटी लावून, आणि त्या रूपात आमचं यंत्र त्याला ओळखत नाही. गटारात आणि टाकीत जीवाणू ती शेपटी तोडतात, इस्ट्राडायॉलचं इस्ट्रोन करतात, आणि मग ते आम्हाला दिसतं. शिवाय इनलेटच्या पाण्यात इतर गाळसाळ इतकं असतं की यंत्राला आपला आयन नीट ऐकूच येत नाही, वरातीत कानाशी सांगितलेलं ऐकू येत नाही तसं. खुणेचं स्टँडर्ड हे बरंचसं सांभाळून घेतं, सगळं नाही.

मधल्या काळात आम्ही नदीत पॉसिसही टांगून पाहिले. दोन पातळ पडद्यांमध्ये शोषणारी पूड आणि बाहेरून स्टीलचा पिंजरा. तीन आठवडे पाण्यात ठेवला की एका क्षणाचं नाही, तीन आठवड्यांचं पाणी बोलतं. कल्पना फार सुंदर आहे. पहिला पिंजरा चौथ्या दिवशी भंगारात गेला. तार व्यवस्थित कापलेली होती, त्यामुळे मासा किंवा लाट यांना दोष देता आला नाही. दुसरा जलपर्णीखाली इतका गुंडाळला गेला की आम्ही तिथे उभं राहूनही तो दिसेना. तिसरा खडकवासल्यातून पाणी सोडलं त्या रात्री गेला. चौथ्याला पैसे उरले नव्हते.

यंत्र एकेका रेणूचं नाव सांगतं, पण सगळे मिळून इस्ट्रोजेनसारखं किती वागतात ते सांगत नाही. त्यासाठी यीस्टची चाचणी असते. या यीस्टमध्ये माणसाचा इस्ट्रोजेन ओळखणारा जनुक घातलेला असतो. इस्ट्रोजेनसारखं काही भेटलं की ते एक विकर बाहेर टाकतं आणि पिवळं द्रावण लाल होतं. तीन दिवस ३२ अंशांना ठेवायचं. हळदीत चुना पडला की कुंकू होतं ते आजीकडे पाहिलेलं होतं. इथे शहाण्णव खळग्यांच्या प्लेटवर एका कडेने तोच रंग चढत जाताना पाहिला आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा वाटलं की आपण मोजतोय ते खरंच काहीतरी करतं.

पण मुंढव्याच्या रांगेत मात्र सगळे खळगे पिवळेजर्द. इस्ट्रोजेन नाही? प्लेट उजेडात तिरकी धरली तर द्रावण पाण्यासारखं नितळ होतं. यीस्ट वाढलं की ते गढूळ व्हायला पाहिजे. वाढलंच नव्हतं, मेलं होतं. आमच्या अर्कात आणखी काय काय होतं कोण जाणे. दहा पट पातळ केल्यावर यीस्ट जगलं आणि रांग लाल झाली.

आकडे इथे देत नाही. एका हिवाळ्याच्या आणि एका उन्हाळ्याच्या नमुन्यांवर नदीच्या नावाने आकडा सोडून द्यावा असं मला वाटत नाही, तो मग कायमचा फिरत राहतो. इतकं सांगते, की शहराच्या वर आणि शहराच्या खाली यात फरक होता, आणि तो दाखवायला बारीक गणित लागलं नाही. फेसाचा मात्र काही उपयोग झाला नाही. ज्या दिवशी बंडगार्डनला फेसाचे डोंगर होते आणि लोक फोटो काढत होते, तो दिवस आमच्या रेणूंसाठी सर्वांत वाईट नव्हता. इथिनाइल इस्ट्राडायॉलच्या रकान्यात मी सगळीकडे "मोजण्याच्या मर्यादेखाली" लिहिलं. आमची मर्यादा एक नॅनोग्रॅमच्या आसपास, युरोपची २०१५ ची अपेक्षा ०.०३५. मधल्या चौतीस टँकरांइतक्या... नाही, हिशोब चुकला, मधल्या ब्याऐंशी टँकरांत काय आहे ते आमच्या यंत्राला दिसत नाही. एका बैठकीत कोणीतरी तो रकाना वाचून म्हणालं, "म्हणजे ते नाहीये." मी नाही म्हटलं. मग मला दहा मिनिटं बोलू दिलं, त्यातली सात टँकरांत गेली.

दिवाळीला गावी गेले. माझे चुलते भिगवणच्या बाजूला मासेमारी करतात. आता त्यांच्या जाळ्यात जास्त करून चिलापीच येते. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "म्हंजी नराची मादी हुती?" मी म्हटलं, काही ठिकाणी तशी लक्षणं दिसलीत. त्यांना यात नवल वाटलं नाही. चिलापीच्या पिल्लांना खाद्यातून नराचं हार्मोन देऊन सगळे नरच वाढवतात हे त्यांना बाजारात ऐकून माहीत होतं. "तिकडं मुद्दाम देत्यात, हितं आपसूक मिळतंय," असं म्हणून त्यांनी विडी पेटवली. मग विचारलं, "आपल्या माशात घावलं का?"

मोजलंच नव्हतं. मासा हे वेगळंच काम, पित्त काढायचं, यकृत काढायचं, सगळी पद्धत पुन्हा बसवायची. सरांनी हो म्हटलं होतं आणि त्यासाठीच मी फॉइल घेऊन आले होते, तापवून, काचेच्या बरणीत भरून.

दुसऱ्या दिवशी पहाटे चुलते होडीतून उतरले आणि आठ चिलाप्या नेहमीच्या पिशवीत टाकायला लागले. मी ओरडले. प्लास्टिक नको, हात नको, मी धरते. एकेक मासा फॉइलमध्ये गुंडाळला, नंबर टाकला, बर्फात ठेवला. मग फॉइलचे आणखी दोन तुकडे काढले, तिथल्याच वाऱ्यात चार मिनिटं उघडे धरले, रिकामेच घडी घालून बंद केले आणि त्यांच्यावर "ब्लँक १" आणि "ब्लँक २" लिहिलं.

"ह्यात काय हाय?" चुलत्यांनी विचारलं.

"काही नाही."

"मग बर्फात कशाला ठिवती?"